वापरलेली डिस्क एलव्हीएममध्ये घ्यायची आहे: अख्खी द्यावी की पार्टिशन करून?

तुमची अडचण मला समजली ती अशी: दुसऱ्या मशीनमधून काढलेली ४ टीबीची डिस्क तुम्ही लिनक्स सर्व्हरला जोडली आहे. होम भरत आलंय, म्हणून ती एलव्हीएमच्या, म्हणजे अनेक डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, चालू व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एकत्र केलेल्या साठ्यात) घ्यायची आहे. पण डिस्क एलव्हीएमसाठी तयार करणारी पीव्हीक्रिएट ही कमांड चालवली की 'डिव्हाइस फिल्टरने वगळलं' असं येतं आणि गाडी तिथेच अडते. शिवाय डिस्क अख्खी द्यायची की आधी पार्टिशन करायचं, हाही प्रश्न आहे.

फिल्टर हा शब्द वाचून बरेच जण एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये शिरतात आणि तिथल्या ओळी बदलत बसतात. तसं करू नका. ज्या डिस्कवर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद) आहे, ती अख्खी घ्यायला एलव्हीएम नकार देतं, आणि जुन्या आवृत्त्या तो नकार याच शब्दांत सांगतात. नव्या आवृत्त्या सरळ 'डिस्कवर पार्टिशन आहेत' असं म्हणतात. तुमची डिस्क आधी वापरलेली आहे, तेव्हा कारण जवळपास नक्की हेच.

आता ते जुनं पार्टिशन टेबल पुसायचंच आहे, पण त्याआधी पाच मिनिटं थांबा. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कची नसतात. बूट होताना कर्नलला जी डिस्क आधी सापडली तिला ते अक्षर मिळतं. रीबूटनंतर अक्षरं बदलू शकतात. म्हणून आधी हे चालवा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,सिरियल,एफएसटाइप,माउंटपॉइंट

सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा. आकारावर विसंबू नका, सर्व्हरमध्ये एकाच आकाराच्या दोन डिस्क असणं अगदी नेहमीचं आहे. मी तर पुसण्याच्या कमांडमध्ये एसडीबी लिहीतच नाही. डेव्हखालच्या डिस्क/बाय-आयडी फोल्डरमधलं लांबलचक नाव वापरते, कारण त्यात मॉडेल आणि सिरियल दोन्ही असतात. टाइप करायला कंटाळा येतो, पण चुकीची डिस्क पुसली जाण्याची शक्यता खूपच कमी होते.

डिस्क वापरलेली असल्यामुळे स्मार्टसीटीएलने तिची तब्येतही बघून घ्या. लांब टेस्टला ४ टीबीवर कित्येक तास लागतात. रात्री लावून ठेवा. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर असेल तर ही डिस्क होमसाठी घेऊ नका.

आता पुसण्याबद्दल. डीडी या कमांडने डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर शून्यं लिहा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. एमबीआर या जुन्या प्रकारचं पार्टिशन टेबल असलेल्या डिस्कवर तो चालतो, जीपीटी या नव्या प्रकारावर पुरत नाही. जीपीटीचं मुख्य हेडर दुसऱ्या सेक्टरमध्ये असतं आणि त्याची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये. जुन्या सॉफ्टवेअर रेडच्याही (अनेक डिस्क जोडून एक करण्याच्या पद्धतीच्या) काही प्रकारांच्या खुणा डिस्कच्या शेवटाकडे असतात. पुढून पुसलं तरी मागचं राहतं. म्हणून वाइपएफएस वापरा. नुसतं चालवलं तर ते काहीही पुसत नाही, कोणत्या खुणा कुठे आहेत एवढंच दाखवतं. ती यादी नीट वाचा. खात्री पटली की आधी प्रत्येक जुन्या पार्टिशनवर आणि मग अख्ख्या डिस्कवर (इथे वाचायला सोपं म्हणून एसडीबी लिहिलंय, तुम्ही बाय-आयडीमधलं नाव टाका):

वाइपएफएस -ए --बॅकअप /डेव्ह/एसडीबी१
वाइपएफएस -ए --बॅकअप /डेव्ह/एसडीबी

बॅकअप दिल्याने पुसलेले बाइट तुमच्या होम फोल्डरमध्ये छोट्या फाइलींत राहतात. पार्टिशन आधी पुसायला सांगितलं त्याला कारण आहे. नवं पार्टिशनही बहुधा जुन्याच जागी, १ एमआयबीवर, सुरू होतं आणि जुनी फाइलसिस्टीम तिथे जशीच्या तशी पुन्हा दिसायला लागते. मग पीव्हीक्रिएट '१०८० या ऑफसेटवर ईएक्सटी४ची खूण सापडली, पुसू का?' असं विचारतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आपण योग्य डिस्कवर आहोत ना, हे तेव्हा पुन्हा तपासा.

अख्खी की पार्टिशन? एलव्हीएमला दोन्ही चालतं. तरी मी तुम्हाला पार्टिशनच करायला सांगेन, आणि हे मी अनुभवाने सांगते आहे. एका सर्व्हरवर मी अख्खी डिस्क दिली होती आणि शेवटच्या सेक्टरमधली जीपीटीची प्रत पुसायची राहिली होती. काही महिन्यांनी मशीन रीबूट केलं आणि फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएमला दिलेली ती डिस्क, गायब. मदरबोर्डच्या फर्मवेअरला शेवटची प्रत दिसली, पुढचं हेडर दिसलं नाही, म्हणून त्याने ते 'दुरुस्त' केलं. एलव्हीएमचं लेबलही नेमकं दुसऱ्याच सेक्टरमध्ये असतं, आणि ग्रुपची रचना सांगणारा मेटाडेटा ४०९६ व्या बाइटपासून सुरू होतो. दुरुस्तीत दोन्हींवर पाणी फिरलं. खरा डेटा १ एमआयबीनंतर सुरू होतो म्हणून तो वाचला. जीपीटीच्या खुणा पुसून, ईटीसीमधल्या एलव्हीएम/बॅकअप फाइलवरून तोच यूयूआयडी (ओळखक्रमांक) देऊन पीव्हीक्रिएट आणि मग व्हीजीसीएफजीरिस्टोर केलं, तेव्हा व्हॉल्यूम परत आले. तो दिवस मला कुणावर यायला नको आहे.

पार्टिशन टेबल असलं की दुसरी कुठलीही प्रणाली किंवा इन्स्टॉलर डिस्कला 'रिकामी' समजत नाही. अपवाद व्हर्च्युअल मशीनचा. तिथे डिस्क वाढवत राहायची असते, आणि अख्खी दिलेली असली तर पीव्हीरिसाइझ एवढ्यावर भागतं.

४ टीबीला जीपीटीच लागेल, कारण ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआर २ टीआयबीच्या पुढे जात नाही. पार्टेडमध्ये एमकेलेबल जीपीटी, मग १ एमआयबीपासून १०० टक्क्यांपर्यंत एकच पार्टिशन, आणि सेट १ एलव्हीएम ऑन. मग:

पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी१
व्हीजीएक्सटेंड ग्रुपचं-नाव /डेव्ह/एसडीबी१

पहिली ओळ वगळली तरी व्हीजीएक्सटेंड ते काम स्वतःच करतं, पण मी दोन्ही वेगळ्या चालवते. काही चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं. सेक्टरचा लॉजिकल आकार वेगळा असल्याची तक्रार आली, म्हणजे एक डिस्क ५१२ची आणि दुसरी ४०९६ची, तर जबरदस्ती करू नका, नवीन डिस्कसाठी वेगळा ग्रुप करा. रेड हॅट ९ सारख्या प्रणालीत डिव्हाइसची यादी वेगळ्या फाइलमध्ये असते. पीव्हीक्रिएट त्या यादीत नोंद आपोआप करतं. दुसरीकडून आणलेला तयार फिजिकल व्हॉल्यूम असेल तर मात्र एलव्हीएमडिव्हाइसेसने स्वतः घालावा लागतो.

यानंतर लगेच होम वाढवू नका. एकच लॉजिकल व्हॉल्यूम (ग्रुपमधून कापून दिलेला भाग, जसं तुमचं होम) दोन डिस्कवर पसरला की दोन्हींपैकी एक गेली तरी अख्खी फाइलसिस्टीम जाते. तुमच्या बाबतीत त्यातली एक डिस्क आधीच वापरलेली आहे. होमचा बॅकअप नसेल तर तो आधी घ्या. किंवा व्हीजीएक्सटेंड न करता ही डिस्क वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवून मोठे, परत मिळवता येण्यासारखे फोल्डर तिच्यावर हलवा. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. तरी वाढवायचंच ठरवलं तर एलव्हीएक्सटेंडला -आर द्या, म्हणजे फाइलसिस्टीमही सोबत वाढते. सगळी मोकळी जागा एकदम देऊ नका. ईएक्सटी४ लहान करायची तर अनमाउंट करावी लागते आणि एक्सएफएस तर लहान होतच नाही म्हटलं तरी चालेल, पण वाढवणं केव्हाही, चालू असताना, जमतं.

सगळं झालं की पीव्हीएस आणि व्हीजीएस चालवून आकडे बघा. डीफॉल्ट ४ एमआयबीचे एक्सटेंट (एलव्हीएम जागा ज्यात मोजतं ते तुकडे) असतील तर पीव्हीडिस्प्लेमध्ये या डिस्कवर ते साडेनऊ लाखांहून थोडे जास्त दिसतील. मग ग्रुपच्या रचनेची प्रत फाइलमध्ये ठेवणारं व्हीजीसीएफजीबॅकअप चालवा आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी करा, कारण रूट फाइलसिस्टीम याच ग्रुपमध्ये असेल तर ऐन गरजेच्या वेळी ती फाइल आतच अडकलेली असेल. आणि तुम्ही सर्व्हरसमोर आहात तोवरच एकदा रीबूट करून बघा.