दिल्ली दरवाजा ही पुण्याची विजयकमान का?

प्रश्न : नातवाला गेटवे ऑफ इंडिया दाखवून आणलं. परतीच्या गाडीत त्याने विचारलं, पॅरिसला विजयकमान आहे, मुंबईला आहे, मग पुण्याला का नाही? मी ठोकून दिलं, आपला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहे की! बरोबर सांगितलं ना?
— एक आजोबा, नारायण पेठ

उत्तर : नातवासमोर आजोबांना खोटं पाडायचं जिवावर येतं, पण नाही. विजयकमानीला कवाडं नसतात. तिच्याखालून मिरवत जायचं, एवढंच तिचं काम.

पॅरिसचंच घ्या. ऑस्टरलिट्झची लढाई मारल्यावर नेपोलियनने १८०६ साली कमानीचा घाट घातला. आराखडा शाल्ग्रँ यांचा : धाटणी रोमन, पण रोमन कमानीला असतात तसे दर्शनी खांब नाहीत, उंची जवळपास ५० मीटर, रुंदी ४५. १८१० मध्ये नेपोलियनची नवी राणी शहरात यायची वेळ झाली, तेव्हा बांधकाम पायाच्या जेमतेम वर आलेलं. मग काय, लाकडी सांगाडा उभारून त्यावर रंगवलेलं कापड ताणलं आणि वरात काढली! दगडी कमान पुरी झाली १८३६ साली. तोवर नेपोलियनला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. १८४० मध्ये तिच्याखालून गेली ती त्याची शवपेटी.

मुंबईतही तेच. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा स्वागताला होती पुठ्ठ्याची कमान. जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ साली आणि गेटवे खुलं झालं १९२४ साली. पिवळसर बेसाल्ट, गुजराती वळणाच्या जाळ्या, सगळं देखणं. पण २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली, हे नातवाला जरूर सांगा.

आता आपला दिल्ली दरवाजा. तोंड उत्तरेला, दिल्लीच्या दिशेला, म्हणून हे नाव. कुणी मिरवत आत यावं म्हणून तो बांधलेलाच नाही. एकेका कवाडावर फूटभर लांबीचे ७२ खिळे आहेत. नऊ आणि आठच्या रांगांत ते ठोकलेत, तेही हत्तीचं गंडस्थळ जिथे आदळेल नेमक्या त्या उंचीवर. उजव्या कवाडात माणसापुरता दिंडी दरवाजा आहे. त्यातून फौज घुसायची तर एकेकाने. बरं, कवाडं फुटलीच, तरी सरळ धावता येत नाही. आधी उजवीकडे वळा, लगेच डावीकडे, मग वाडा. तिथे हल्ल्याचा जोर मोडतो. वर नगारखाना आहे, शोभेचा भाग म्हणाल तर तेवढाच. मला विचाराल तर गेटवेच्या जाळ्यांपेक्षा या दोन वळणांत जास्त डोकं लागलंय.

आणि पुण्यात विजयकमान नाही असं तरी कुणी सांगितलं? गणेशोत्सवात पेठांतून फिरा. दर चौकात बांबू आणि कापडाची स्वागत कमान उभी असते. १८१० ची पॅरिसची कमान हिचीच थोरली बहीण. उत्सव संपल्यावर काही मंडळांना ती उतरवायचं सुचत नाही, पण तो या सदराचा विषय नव्हे.