इबाराकीच्या शाळेत रुजू होण्याआधी

ताई, एप्रिलपासून जपानमधल्या इबाराकीतल्या सरकारी ज्युनिअर हायस्कूलमध्ये इंग्लिश शिकवायला येताय, घर, शाकाहारी जेवण आणि शाळा कसं जमेल असं विचारलंय तुम्ही. मी इथेच तेच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीचे दिवस कागदपत्रांचे, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. नारिता विमानतळावर उतरलात की तिथेच रेसिडेन्स कार्ड देतात, घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत शियाकुशोत, म्हणजे इथल्या महापालिकेत, पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे आला की मग फोन, बँक वगैरे गाडी पुढे सरकते. आपल्या नावाचा मात्र हमखास घोळ होतो, पासपोर्टवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी मालगाडी आणि फॉर्मवर चौकोन मोजके. काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवा आणि बँक, पगार, इन्शुरन्स सगळीकडे तेच लिहा.

भाड्याचं घर रिकामं मिळतं म्हणजे अगदीच रिकामं, बऱ्याचदा छताला दिवा नाही, पडदे नाहीत, गॅसची शेगडीसुद्धा नाही. वर रेइकिन म्हणून मालकाला पैसे द्यायचे, ते परत मिळत नाहीत, डिपॉझिट वेगळंच. जवळपास यूआरची, म्हणजे सरकारी गृहसंस्थेची, घरं असतील तर आधी ती बघा, तिथे रेइकिनही नाही आणि गॅरंटरही लागत नाही. पहिला पगार येईपर्यंत पुरतील एवढे येन सोबत हवेतच. मिक्सर आणू नका, वीज १०० व्होल्टची आहे, आपला मिक्सर नुसता घरघरतो. आणि नेहमीची डॉक्टरांची औषधं महिन्याभराहून जास्त आणणार असाल तर निघण्याआधी परवानगी काढावी लागते, सर्दीच्या काही गोळ्यांवर तर इथे बंदीच आहे, तेव्हा बॅगेत काय भरताय ते तपासा.

जेवणाचं खरं सांगायचं तर घरी काहीच अडत नाही. डाळी, मसाले, कणीक ऑनलाइन मिळतं, आणि कधी टोकियोत निशिकासाईला गेलात तर तिथे भारतीय दुकानं आहेतच. अडतं ते बाहेर आणि शाळेत, कारण भाजी दिसणाऱ्या पदार्थातही दाशी, म्हणजे चवीसाठी घातलेलं सूपसारखं पाणी, असतं, ते बहुतेक वेळा माशाचं. शाळेत क्युशोकु म्हणजे दुपारचं जेवण, ते मुलांबरोबर वर्गातच बसून खायचं असतं. तुम्ही डबा आणणार हे रुजू होतानाच सांगून टाका, नंतर सांगितलं की सगळ्यांची पंचाईत होते. एकदा कळलं की कोणी काही म्हणत नाही, उलट मुली येऊन डब्यात काय आहे ते बघून जातात.

आता शाळा. लोक वर्गाची काळजी करतात, माझ्या मते खरी परीक्षा स्टाफरूमची. सगळे शिक्षक एका मोठ्या खोलीत टेबलं जोडून बसतात, सकाळी छोटी मीटिंग असते, रोजचा कारभार क्योतो सेन्सेई, म्हणजे व्हाइस प्रिन्सिपल, बघतात. येताना ओहायो गोझाइमास आणि सगळ्यांच्या आधी निघताना ओसाकिनि शित्सुरेइ शिमास म्हणायचंच, कोणी मान वर केली नाही तरी. इथे सफाई मुलंच करतात, तुम्हीही फडकं घ्या, त्या पंधरावीस मिनिटांत मुलं जेवढं बोलतात तेवढं तासाला बोलत नाहीत. वर्गात प्रश्न विचारला की शांतता, हात वर होत नाही, चूक होईल ही भीती असते. आधी शेजाऱ्याशी बोलायला लावा, मग विचारा. (पुण्यात वर्ग शांत करायला घसा फोडायचो आणि इथे बोलतं करायला, काय म्हणावं!) सुट्टीवरून येताना स्टाफरूमसाठी खाऊ आणायची पद्धत आहे, एकेक नग वेगळा पॅक केलेला, लोणावळ्याची चिक्की छान चालते पण दाण्याची आहे हे सांगून ठेवा, अ‍ॅलर्जी असू शकते.

परदेशी माणूस म्हणून कायम कोपऱ्यातच राहू असं मनात आणू नका, आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि नंतर इबाराकीतच सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. अर्थात त्यांचं जपानी वेगळ्या पातळीचं आहे.

मिस्टरांचं म्हणाल तर डिपेंडंट व्हिसावर आपोआप काम करता येत नाही, इमिग्रेशनची परवानगी काढली की आठवड्याला २८ तासांपर्यंत चालतं. भाषेशिवाय काम मिळणं अवघड जाईल, तेव्हा ते मागे राहणार आहेत तोवर तिथेच क्लास लावून घ्या, जेएलपीटीचं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचं, सेंटर पुण्यात आहेच, नाशिकहून काही लांब नाही.