व्हेरिएबलमधला रंग जुन्या फोनवर गायब का होतो?

प्रश्न: एका क्लासची वेबसाइट बनवतोय. बटणाचा रंग सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) --मुख्य-रंग या व्हेरिएबलमध्ये ठेवलाय, आधी हेक्स कोड (# ने सुरू होणारा रंगाचा जुना कोड) आणि त्याच्याखाली तोच रंग परत ओकेएलसीएचमध्ये (रंग लिहायची नवी पद्धत), म्हणजे जुन्या ब्राउझरला खालची ओळ कळली नाही तर वरची धरेल. शिवाय बटणाच्या बॅकग्राउंडला व्हारमध्ये (व्हेरिएबलची व्हॅल्यू जिथे वापरतो तिथे) स्वल्पविराम देऊन पर्याय म्हणून लाल पण दिलाय. तरी अँड्रॉइड ६ च्या फोनवर बटण दिसतच नाही, पांढऱ्यावर पांढरी अक्षरं! असं का?

उत्तर: ही गंमत भल्याभल्यांना छळते. दोन ओळींचा जुगाड साध्या प्रॉपर्टीला मस्त चालतो, बॅकग्राउंडला न कळणारी व्हॅल्यू दिली की ब्राउझर वाचतानाच ती ओळ टाकून देतो आणि वरची शाबूत राहते. पण दोन डॅशवाल्या व्हेरिएबलमध्ये जवळपास काहीही लिहा, ब्राउझर चालवून घेतो, कारण पुढे त्याचा रंग करणार की मार्जिन हे त्याला तेव्हा माहीतच नसतं. त्यामुळे ओकेएलसीएचवाली ओळ नंतरची म्हणून जिंकली आणि हेक्स तिथेच गेला. मग बटण रंगवायची वेळ आली तेव्हा ब्राउझरला कळलं की हा रंग आपल्याला येत नाही, पण आता मागे जायला काही उरलेलंच नाही, मग तो सरळ अनसेट (म्हणजे काही दिलेलंच नाही असं) धरतो आणि बॅकग्राउंडचं अनसेट म्हणजे ट्रान्सपरंट. (अक्षरांच्या रंगाचं असं झालं असतं तर पॅरेंटचा, म्हणजे बाहेरच्या भागाचा, रंग आला असता, ते तर पटकन लक्षातही येत नाही.)

आणि व्हारमधला लाल फक्त व्हेरिएबल डिफाइनच नसेल तेव्हा येतो. व्हॅल्यू चुकीची असली तरी ती आहे ना, मग झालं. इतकंच काय, व्हेरिएबलच्या नावापुढच्या कोलननंतर नुसती स्पेस सोडून सेमीकोलन दिलात तरी लाल येणार नाही.

फोनवरचा क्रोम अपडेट करूनही उपयोग नाही. क्रोमला ओकेएलसीएच कळायला लागलं व्हर्जन १११ पासून, मार्च २०२३ मध्ये, आणि अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ च्या पुढे जातच नाही.

उपाय सोपाय. रूटवर (म्हणजे सगळ्या पानासाठी) व्हेरिएबलला फक्त हेक्स द्या आणि ओकेएलसीएचवाली ओळ @सपोर्ट्सच्या (ब्राउझरला एखादी गोष्ट कळते का हे विचारणारी अट) आत टाका. मात्र अट लिहिताना कलर ही खरी प्रॉपर्टी घेऊन विचारा, तिथे --मुख्य-रंग लिहिलंत तर ब्राउझर कायम 'हो' म्हणणार, त्याला काहीही चालतं हे वर बघितलंच. @प्रॉपर्टी (व्हेरिएबलचे नियम आधीच ठरवायची सोय) वापरून व्हेरिएबलचा टाइप कलर ठरवून इनिशियल व्हॅल्यूत हेक्स देता येतो आणि या फोनवर ते चालेलही, पण फायरफॉक्समध्ये ते थेट २०२४ मध्ये १२८ ला आलं, तेव्हा जुन्या फायरफॉक्सवर परत हेच रडगाणं. मी तरी सपोर्ट्सच वापरेन. बाकी व्हेरिएबलला देवनागरी नाव दिलंय ते खुशाल राहू द्या, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असली की ब्राउझरची काही तक्रार नसते.