सोमवारी दुधाळ होणारं पाणी

प्रश्न : काका, तुंगार्लीला आमचा लहानसा बंगला आहे. दोन वर्षांपूर्वी मागच्या पडवीत हॉट टब बसवला, 1200 लिटरचा. शनिवार-रविवार पाहुणे असतात. सोमवारी झाकण उघडलं की पाणी दुधाळ, कडेला फेस आणि क्लोरीनचा असा वास की डोळे चुरचुरतात. वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालं, असं म्हणून माळीकाका दोन दिवस काहीच टाकत नाहीत. मग तुरटी फिरवतात आणि मूठभर ब्लीचिंग पावडर टाकतात. पाणी बोअरचं. गेल्या आठवड्यात एका पाहुण्यांच्या मुलाच्या पाठीवर, मांड्यांवर लाल पुळ्या उठल्या. कुठं चुकतंय?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : ताई, या आठवड्याचे पाहुणे असतील तर त्यांना टब बंद आहे म्हणून आजच कळवा. मग पुढचं वाचा.

पुळ्या बहुधा सुडोमोनास नावाच्या जिवाणूच्या. कोमट पाणी आणि अपुरं क्लोरीन मिळालं की तो वाढतो, आणि ओला पोहण्याचा पोशाख अंगाला घट्ट बसतो तिथं पुळ्या जास्त उठतात. सहसा आपोआप बरं होतं, तरी त्या पालकांना डॉक्टरांना दाखवायला सांगा. त्याहून वाईट भाऊबंद म्हणजे लिजिओनेला. तो तुषारांतून थेट छातीत जातो. 1999 साली नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसता शोभेला मांडलेला टब बुडबुडत होता. आत कुणी बसलंही नव्हतं. दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली, वीसहून जास्त दगावली.

आता वासाचं. माळीकाका गणित बरोब्बर उलटं मांडताहेत. डोळ्यांना झोंबतो तो क्लोरामाइनचा वास. घाम आणि (रागावू नका) लघवी यांच्याशी झुंजून क्लोरीन अडकून पडलं की तो येतो. मोकळं क्लोरीन त्या वेळी संपत आलेलं असतं. म्हणजे वास आला की टाकायचं, थांबायचं नाही.

मी वीस वर्षं पुण्यातल्या एका क्लबचा तलाव सांभाळला. 25 मीटर लांब, 10 रुंद, सरासरी दीड मीटर खोल : पावणेचार लाख लिटर. तुमच्या टबात चार माणसं बसली तर माणशी 300 लिटर पाणी. त्याच दाटीनं आमच्या तलावात साडेबाराशे माणसं उतरवावी लागली असती! तेही 40 अंशांच्या पाण्यात, घाम गाळत. म्हणून तलावाला जिथं 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) मोकळं क्लोरीन चालतं, तिथं टबाला किमान 3 लागतं.

आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतंय की अल्कलीकडं ते सांगणारा आकडा. सोड्याची बाटली हलवली की वायू उडून जातो ना, तसे जेट दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवत असतात, आणि पीएच वर सरकतो. 7.5 ला निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, 8 ला जेमतेम पाव. तुमचं बोअरचं पाणी, त्यात ब्लीचिंग पावडरचा चुना. हीटरच्या कॉइलवर किटलीच्या बुडासारखा पांढरा थर असणार, बघाच. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पण इथं तो बसायला तळ कुठाय? सगळं फिल्टरमध्ये नि पाइपांत. तुरटी नळाखालच्या हंड्याला ठीक.

मोजायला पिवळा रंग दाखवणारं किट असेल तर ते बाजूला ठेवा. ते अडकलेलं आणि मोकळं क्लोरीन एकत्रच दाखवतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. त्याचाही एक चकवा आहे, ज्यात मी स्वतः सापडलोय. साताऱ्याला मेव्हण्याच्या टबात चाचणी केली, पाणी बिनरंगी. शून्य समजून मी दोनदा क्लोरीन ओतलं. पुढं कळलं, प्रमाण फार झालं की क्लोरीन तो गुलाबी रंगच उडवून टाकतं. नातवाची निळी चड्डी संध्याकाळी राखाडी झाली होती. शंका आली की नमुन्यात चांगलं पाणी अर्धं मिसळून पुन्हा बघावं.

आता काम. जुनं पाणी सोडण्याआधी 40-45 ग्रॅम एसडीआयसी (दाणेदार क्लोरीन, 56 टक्केवालं) बादलीत विरघळवून ओता. तुमच्या टबात दर दोन ग्रॅमला साधारण 1 पीपीएम, म्हणजे 20 च्या आसपास जाईल. झाकण उघडं ठेवून तासभर सगळे जेट चालवा. पाइपांतला बुळबुळीत थर सुटून तपकिरी पापुद्रे वर आले तर घाबरू नका, तेच हवंय. मग पाणी काढा, काडतूस फिल्टर धुवा, भरा. 

रोजच्याला फक्त एसडीआयसी वापरू नका. त्याच्याबरोबर सायन्युरिक आम्ल साठत जातं आणि क्लोरीनला आळशी करतं. पहिले काही दिवस ते, पुढं ताजा हायपो (द्रवरूप क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट) : 10 टक्क्यांचा असेल तर 12 मिलिलिटरला 1 पीपीएम. पाहुणे उठले की लगेच, सोमवारची वाट बघत नाही बसायचं. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये ठेवायला सोडियम बायसल्फेट (पीएच खाली आणणारं आम्ल), क्लोरीनच्या वेळी नव्हे, वेगळं. आणि माळीकाकांना बजावा : एसडीआयसीच्या मापात ब्लीचिंग पावडर कधीच नको, त्या मिश्रणाचा भडका उडतो. आम्ल आणि हायपो एकत्र आले तर विषारी वायू.

पाणी कधी बदलायचं? लिटर भागिले 11.4. तुमच्या टबाला सुमारे 105 माणूस-बैठका. सहा पाहुणे दोन दिवस दोनदा बसले तर 24, म्हणजे चौथ्या शनिवार-रविवारनंतर. आणि दाराशी पाटी लावा : केसांचं तेल धुऊनच आत. सोडायचं पाणी किटवर शून्य दाखवेपर्यंत थांबून मगच झाडांना.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. क्लोरीनच्या वासाला कंटाळून ब्रोमीन घेऊ का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : घ्या की. गरम पाण्यात ते छान टिकतं, पीएच जरा चढला तरी काम करतं. 4 ते 8 पीपीएम ठेवा. फक्त उन्हात लवकर उडतं, आणि एकदा ब्रोमीनवर गेलेल्या पाण्यात क्लोरीन टाकलं तरी ब्रोमीनच तयार होतं. परतायचं असेल तर टब रिकामा करावा लागेल, आणि तुमच्याकडं जानेवारीत ते करू नका, पाइप गोठतील.