मित्रासोबत ७०-३० वाट्याने चार घरांची छोटी इमारत घ्यावी का? तो एका घरात राहणार आहे.

घ्या, पण खरेदीखतात दोघांचा हिस्सा टक्क्यांत लिहून घ्या. नुसती दोन नावं टाकली, तर वाटा निम्मा-निम्मा धरला जाऊ शकतो. मग जास्त पैसे तुम्ही भरल्याचं सिद्ध करत बसा.

कर्ज संयुक्त असेल तर तुमच्या ७०-३० शी बँकेला सहसा काही देणंघेणं नसतं. मित्राने हप्ते थकवले तर बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागू शकते.

खरी कुरबुर मात्र होते ती वापरावरून. मित्राला वाटेल, ‘घर माझंच, भाडं कसलं?’ पण त्याच्या घराचंही चालू दराने भाडं हिशेबात धरा. समजा प्रत्येक घराचं भाडं २५, म्हणजे चारांचे १००. हप्ता, कर, देखभाल मिळून ४० गेले, उरले ६०. त्यात मित्राचे १८. तो वापरतोय २५ चं घर, म्हणजे दरमहा ७ त्यानेच तुम्हाला द्यायचे. हे आकडे सही करण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून मांडा.

किरकोळ दुरुस्तीचा निर्णय तुम्ही एकट्याने घेतलात तरी चालेल. विक्री आणि नवं कर्ज मात्र दोघांच्या संमतीनेच. एकाला बाहेर पडायचं झालं तर पहिला हक्क दुसऱ्याचा, किंमत त्रयस्थ मूल्यांकक ठरवणार आणि पैसे उभे करायला ठरावीक मुदत, हे करारात हवंच. एकजण गेला तर वारसांचं काय, तेही लिहा. आणि वकील दोघांचे वेगवेगळे असू द्या.