अण्णांची केमो, ओली भिंत आणि कडब्याची धूळ

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आमच्या अण्णांना म्हणजे सासऱ्यांना एएमएल हा ब्लड कॅन्सर निघालाय. पहिली केमो झाली, दोन दिवसात घरी सोडणार म्हणतायत पण पांढऱ्या पेशी अजून कमीच आहेत. घर पंचगंगेकाठी, २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेलं, तेव्हापासनं खालच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे आणि कपाटामागं काळी बुरशी येते. गोठा घराला लागूनच. पाहुणे म्हणतात पोरांना अण्णांजवळ सोडू नका, बुरशी लागते. खरंय का? आणि बुरशीवरची पोसाकोनॅझोल गोळी लई महाग आहे, बरं वाटलं की बंद केली तर चालेल का?
– एक सून, करवीर तालुका

उत्तर : ताई, आधी पोरांचं. अ‍ॅस्परजिलस काय किंवा म्यूकर काय, ही बुरशी अण्णांकडनं पोरांना लागत नाही, ती हवेतनं येते. तिचे कण आपण सगळेच रोज श्वासातनं आत घेतो, पण न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. अण्णांच्या रिपोर्टवर एएनसीचा, म्हणजे याच न्यूट्रोफिल पेशींचा आकडा बघा, तो ५०० च्या खाली बरेच दिवस राहिला की तोच कण फुफ्फुसात रुजू शकतो. पोरांना सर्दी-खोकला असेल तर मात्र लांब ठेवा, त्याचं कारण वेगळं.

म्हणजे भीती पोरांची नाही, त्या खोलीची आहे. अण्णांना वर कोरड्या खोलीत झोपवा, आणि ते घरात असताना भिंत खरवडायला काढू नका, त्यानं उलट सगळी बुरशी हवेत येते. गोठ्याचंही तेच. भिजून वाळलेल्या कडब्याची पेंढी सोडली की कवडशात धूळ तरंगताना दिसते ना, त्यात हेच कण असतात. शेतकरी माणूस, जरा बरं वाटलं की पाय गोठ्याकडंच वळणार, मला कळतं हो, पण एवढे दिवस म्हशीला तुम्हीच वैरण घाला. मास्क लावून जातो म्हणाले तरी नको. आणि धारोष्ण दूध बंद, उकळूनच द्या, त्यात बॅक्टेरियाचा धोका असतो.

गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका. जेवणाबरोबरच द्या, आणि कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, काहींचं हिच्याशी जमत नाही. पैशाची अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना गाठा, लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळी चालू असली तरी ताप येऊ शकतो. थर्मामीटरवर १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू असं कृपा करून करू नका, तसेच उठून निघा. श्वास घेताना छातीत दुखणं, थुंकीतनं रक्त, एका बाजूचा गाल सुजणं, नाकात किंवा टाळूला काळा डाग, यातलं काही दिसलं तर ताप नसला तरी निघा. फाइल आणि शेवटचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट, आत्ताच एका पिशवीत घालून दारामागं अडकवून ठेवा, रात्री दोनला शोधत बसायला नको.