शोध पलटणीचा : आजोबा रणगाड्यावर होते की रणगाड्यामागे?

प्रश्न : नमस्कार सुभेदार काका. माझे आजोबा १९६५ च्या लढाईत रणगाड्यांच्या पलटणीत होते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, म्हणून विचारायचं राहून गेलं. आता आजी ८४ वर्षांची आहे आणि तिच्या हयातीत हे सगळं लिहून काढायचं माझ्या मनात आहे. घरात त्यांचा गणवेशातला एक फोटो आहे. बाहीवर तीन फिती, टोपीच्या बिल्ल्यावर घोडा दिसतो. फोटोच्या मागे ‘हवालदार’ असं शाईने लिहिलंय. दोन पदकं आहेत, त्यातलं एक चांदणीच्या आकाराचं. काही आंतर्देशीय पत्रंही आहेत. चुलतभाऊ म्हणतो, बिल्ल्यावर घोडा म्हणजे घोडदळाची रेजिमेंट, सरळ नगरला पत्र लिही. काका सांगतात की आजोबा खेमकरणला होते आणि त्यांनी पॅटन रणगाडा पकडून आणला. आजी मात्र म्हणते, “ते चालवत नव्हते गं, ओढून आणायचे.” तिला ‘फिलोरा’ हे नाव पक्कं आठवतं. खरं काय, आणि कुठे विचारू?
— एक नात, तासगाव

उत्तर : ताई, तुमच्या आजींनी एका वाक्यात निम्मा शोध लावून दिलाय. “ओढून आणायचे” हे शब्द आधी तारखेसह वहीत उतरवून ठेवा. पुढे मी जे सांगतोय ते त्यांचंच म्हणणं कागदाने पक्कं करण्यासाठी.

फोटोमागचा ‘हवालदार’ बघा. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये, म्हणजे चिलखती दलात, हुद्दे अजूनही घोडदळाचे आहेत. तिथला साधा जवान ‘सवार’, तीन फितींचा माणूस ‘दफेदार’, आणि वर ‘रिसालदार’. तिथे हवालदार नसतो. तुमचे आजोबा रणगाड्यांसोबत होते आणि हवालदार होते, या दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर ते बहुधा ईएमईचे, म्हणजे रणगाडे आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरचे. आता भिंग घेऊन बिल्ला बघा. घोड्याच्या पायाखाली पृथ्वीचा गोल दिसला तर तो आमचाच बिल्ला. खांद्यावरची पितळी अक्षरंही तीनच असतील. घोडा पाहून घोडदळ समजणं फार स्वाभाविक आहे, भावाला दोष देऊ नका.

प्रत्येक रणगाडा रेजिमेंटला ईएमईची एक छोटी तुकडी कायमची जोडलेली असते. तिला आम्ही एलएडी म्हणतो. माणसं रेजिमेंटच्या लंगरात जेवतात, रेजिमेंटबरोबर आघाडीवर जातात, वर्षानुवर्षं तिथेच राहतात, पण त्यांचे कागद त्यांच्या कोअरकडे असतात. म्हणून चिलखती दलाचं रेकॉर्ड ऑफिस नगरला, आताच्या अहिल्यानगरला, असलं तरी तुमचं पत्र तिथे जाऊन उपयोग नाही. ते जायला हवं ईएमई रेकॉर्ड्स, सिकंदराबादला. (रणगाडाविरोधी तोफांवर असलेल्यांचे वारस विचारतात, त्यांच्यासाठी सांगतो : तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पला, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. पलटण लढली कुठे यावरून पत्ता ठरत नाही, माणूस कोणत्या कोअरचा यावरून ठरतो.)

पत्र लिहायच्या आधी पदकं हातात घ्या. चांदणीच्या आकाराचं पदक बहुतेक ‘समर सेवा स्टार १९६५’, जे प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना मिळालं. दुसरं गोल असेल तर ‘रक्षा पदक’, जे त्या काळात सेवेत असलेल्या बहुतेकांकडे असतं. तुमच्या कामाची चांदणी. तिच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि कोअर कोरलेलं असतं. साठ वर्षांत ते काळं पडलं असेल. चिंच, राख, भांड्यांची पूड काहीही लावू नका, अक्षरं झिजतील. खिडकीपाशी पदक तिरकं धरा, उजेड एका बाजूने येऊ द्या. तरी वाचता आलं नाही तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिलचं शिसं आडवं, हलक्या हाताने फिरवा. अक्षरं कागदावर उमटतात. सात आकडी क्रमांक मिळेल. त्या काळच्या ईएमई जवानांचे क्रमांक ७० ने सुरू व्हायचे, चिलखती दलाचे १० ने. ते पहिले दोन आकडे दिसले की माझा अंदाज बरोबर की चूक, हे तुम्हालाच घरबसल्या कळेल. चूक निघाला तर मात्र भावाचं ऐका आणि नगरला लिहा.

पत्रंही अशीच मोलाची आहेत. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात क्रमांक, हुद्दा, नाव, मग एलएडी आणि रेजिमेंट, शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असं काहीतरी असणार. गावाचं नाव नसणारच, ते लिहायची मनाई होती. पण रेजिमेंटचं नाव तिथे असू शकतं, आणि ते मिळालं तर तुमचे कित्येक महिने वाचतील. पत्रं उघडी करून, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिक्क्यावरची तारीखही टिपा.

आता फिलोरा आणि खेमकरण. काका म्हणतात ते खेमकरण पंजाबात. तिथे आसल उत्तरची लढाई ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला झाली. आपल्या बाजूने ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स रणगाडे होते. कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं होतं. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, उसात अडकले, आणि लढाईनंतर ते ओढून भिखीविंडला रांगेने उभे केले गेले. लोक त्या जागेला ‘पॅटन नगर’ म्हणू लागले. हे चित्र देशभर छापून आलं. त्यामुळे ६५ मध्ये रणगाड्यांबरोबर असलेला प्रत्येक जण गावाच्या आठवणीत खेमकरणलाच असतो.

फिलोरा तिथून शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला, सियालकोट भागात. १ आर्मर्ड डिव्हिजन जम्मूच्या सांबा बाजूने सीमा ओलांडून आत गेली आणि ११ सप्टेंबरला फिलोरा घेतलं. हॉडसन्स हॉर्स, पूना हॉर्स, १६ कॅव्हलरी, २ लान्सर्स, ६२ कॅव्हलरी या तिच्या रेजिमेंट. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे जन्माने मुंबईचे, शिकले पुण्यात. फिलोरा, वझीरवाली, जसोरान, बुतूर डोगरांदी असे सहा दिवस ते जखमी अवस्थेत लढत राहिले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केल्याची नोंद आहे, आपले नऊ गेले. वाचताना आपली नजर साठवर जाते. माझी आधी नऊवर जाते, कारण आपला रणगाडा बंद पडला की एलएडीचं काम सुरू होतं.

आजोबांनी फिलोरा हे नाव घरात उच्चारलं, आणि ते नाव वर्तमानपत्रातून गावात सहज पोचणारं नव्हतं. म्हणून मी आजींच्या आठवणीवर विश्वास ठेवेन. काकांचं म्हणणंही लगेच खोटं ठरवू नका. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली, त्यानंतर ईएमईची माणसं आणि रिकव्हरीच्या गाड्या जिथे गरज पडेल तिथे हलल्या. आजोबांनी पुढे कधी पॅटन ओढलाही असेल. फक्त १० तारखेला आसल उत्तर आणि ११ ला फिलोरा, असं एका माणसाला शक्य नव्हतं.

“ओढून आणायचे” म्हणजे काय, हे तुमच्या लिखाणात नीट यायला हवं, म्हणून सांगतो. मी भरती झालो तो ६५ नंतर, हात काळे केले ते विजयंता रणगाड्यावर, पण ज्यांनी मला शिकवलं ते उस्ताद फिलोरा-चविंड्याचे होते. सेंच्युरियन पन्नास टनांच्या घरातला. त्याचा ट्रॅक सुटला किंवा तो नाल्यात बसला की रिकव्हरीचा रणगाडा, ज्यावर मोठी तोफ नसते, रात्री दिवे न लावता त्याच्याकडे न्यायचा. चालकाला पुढचं दिसत नाही. एक माणूस खाली उतरून, बॅटरीच्या काचेवर कापड बांधून, इशाऱ्याने त्याला मागे घेतो. जाड तारेचे दोर आडवे-तिडवे करून हुकांना लावायचे, शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, अडकवायचा, त्यात पिन घालायची. पिन चिखलाने बसत नाही. हातोडा मारावा लागतो, आणि रात्रीच्या शांततेत लोखंडावर लोखंडाचा आवाज मैलभर जातो. उस्ताद सांगायचे, पिनेवर पोत्याचा तुकडा ठेवून मारायचो. तो ओढून आणलेला रणगाडा पहाटेपर्यंत दुरुस्त होऊन पुन्हा पुढे जायचा. तुमचे आजोबा रणगाडा ‘चालवत नव्हते’ म्हणून कुणी त्यांची लढाई कमी लेखत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आता पत्र. अर्ज आजींच्या सहीने करा. त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार, म्हणजे पीपीओ, निवृत्तिवेतनाचा आदेश, घरात किंवा बँकेत आहे. त्यावर क्रमांक, हुद्दा, कोअर सगळं असतं. पीपीओची प्रत, आजींचं ओळखपत्र, डिस्चार्ज बुक सापडलं तर त्याच्या पानांच्या प्रती जोडा. अर्जात “माहिती मिळावी” एवढंच लिहू नका. नेमकं मागा : शीट रोलवरून (जवानाच्या सेवेच्या नोंदींचा कागद) सेवेचा गोषवारा, कोणत्या युनिटमध्ये कधीपासून कधीपर्यंत, आणि ऑगस्ट १९६५ ते जानेवारी १९६६ या काळातली नेमणूक. बदली, रजा, लग्न, मुलांचा जन्म, सगळ्याची फौजेत पार्ट टू ऑर्डर निघते आणि शीट रोलवर चढते. तुमच्या वडिलांचा जन्म आजोबा नोकरीत असताना झाला असेल तर त्याचीही नोंद तिथे असेल. माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्यांदाच टाकू नका. पत्नीने साधा अर्ज करणं हा सरळ रस्ता आहे. अडलं तर सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकांना भेटा, ते अर्ज पुढे पाठवतात.

युनिट कळलं की मग त्या रेजिमेंटचा इतिहास वाचायला घ्या, आधी नाही. आणि आजींची तब्येत साथ देत असेल तर त्यांना घेऊन अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या. तिथे सेंच्युरियन आहे, पॅटन आहे. सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला उभ्या राहा आणि ओढायचे हुक त्यांना दाखवा. त्यांना आणखी काही आठवलं तर ते फोनवर रेकॉर्ड करा. त्या बोलत असताना मध्ये प्रश्न विचारू नका.

प्रश्न : पणजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात टँकांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. भरतीच्या कागदावर ‘आयएओसी’ आहे आणि १९४६ च्या सुटकेच्या दाखल्यावर ‘आयईएमई’. नाव तेच. ही दोन वेगळी माणसं तर नाहीत? पेन्शन नव्हती.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : माणूस एकच. आधी दुरुस्तीचं काम ऑर्डनन्स कोअरकडे, म्हणजे आयएओसीकडे, होतं. १९४३ मध्ये ते वेगळं काढून आयईएमई ही नवी कोअर उभी केली, आणि १५ ऑक्टोबर हा आजही ईएमईचा स्थापना दिन आहे. तुमच्या पणजोबांसारखे हजारो कारागीर तेव्हा एका कोअरमधून दुसरीत आले.

पेन्शन नसलेल्यांचे शीट रोल पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम होता, म्हणून मोठी आशा धरू नका. पण ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही कायम राखली जाते. त्यात भरती, सुटका, गाव इतकं तरी मिळतं. सिकंदराबादला लिहिताना लाँग रोलचाच स्पष्ट उल्लेख करा. दुसरा मार्ग युनिटच्या युद्ध-डायऱ्यांचा. ब्रह्मदेश आघाडीच्या डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेत आहेत. इंग्लंडात कुणी नातेवाईक असेल तर त्यांना तिथे जाऊन फोटो काढता येतात. ब्रह्मदेशात आपल्या टँक ब्रिगेड प्रामुख्याने दोन, २५४ आणि २५५. इंफाळच्या लढाईत ली आणि स्टुअर्ट टँक होते ते २५४ कडे, आणि १९४५ च्या मार्चमध्ये मेक्तिला घेताना शर्मन होते ते २५५ कडे. सुटकेच्या दाखल्यावर वर्कशॉपचा क्रमांक असेल तर मला कळवा. तो कळला की दोनपैकी कोणत्या ब्रिगेडच्या डायऱ्या मागवायच्या ते सांगतो.